चौदावा दिवस मोजायचा कुठून?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या दैनिकाच्या आरोग्य पानावर पाळी आणि गर्भधारणा या विषयावर लेख आला. लेख तळमळीने लिहिलेला आहे, भाषा सोपी आहे, आणि असा विषय रविवारच्या पानावर उघडपणे छापला याबद्दल आपले आभार. पण लेखातली निळी चौकट चुकीची आहे. ‘पाळीच्या १४ व्या दिवशी स्त्रीबीज बाहेर पडते. १० ते १७ हे दिवस गर्भधारणेचे, बाकीचे सुरक्षित.’ लेख लोक वाचून बाजूला ठेवतात. चौकट मात्र कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवतात. म्हणून हे पत्र, आणि ते लांबणार आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागते.

मी निवृत्त विज्ञान शिक्षिका आहे. सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत ३१ वर्षं शिकवलं. नोकरीच्या सुरुवातीला प्रजननाचा धडा जवळ आला की हेडसर हळूच म्हणायचे, “बाई, तेवढा भाग मुलांना घरी वाचायला सांगा.” मी कधी सांगितलं नाही. मुलींना प्रयोगशाळेत वेगळं बसवून का होईना, पण शिकवला. फळ्यावर मोठं वर्तुळ काढायचे, घड्याळासारखं. कडेला २८ खुणा. एक ते पाच लाल खडूने. आणि बरोबर खाली, घड्याळात सहा असतात तिथे, चौदाच्या खुणेवर पिवळ्या खडूची चांदणी. “इथं अंडमोचन. लिहून घ्या.” सगळ्यांकडे कंपासपेटी नसायची, मग मुली हातातली बांगडी वहीवर ठेवून वर्तुळ काढायच्या. दोन गुणांना हमखास येणारा प्रश्न.

पुस्तकात ‘साधारणपणे’ असा शब्द असायचा. परीक्षेत ‘साधारणपणे’ला गुण नसतात, म्हणून मी तो गाळला. यात पुस्तकाची चूक नाही, माझी आहे. त्याहून मोठी चूक अशी की माझी स्वतःची पाळी बत्तीस दिवसांनी यायची. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर दुधाच्या खाड्याशेजारी मी दर महिन्याला बारीक फुली मारत असे, आणि दोन फुल्यांमध्ये बत्तीस दिवस हे मला तोंडपाठ होतं. घरी बत्तीस मोजणारी बाई शाळेत जाऊन अठ्ठावीसचं वर्तुळ काढत होती आणि आपणच तेवढ्या अपवाद असं समजून चालली होती. वर्गातल्या चाळीस मुलींपैकी निम्म्या तरी मनात तेच म्हणत असणार, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

काही वर्षांपूर्वी सातारा स्टँडवर मागून “बाई!” अशी हाक आली. माजी विद्यार्थिनी. तिने वाकून नमस्कार केला. हातात दवाखान्याची प्लास्टिकची फाइल होती, म्हणून मी तिला चहाला नेलं. लग्नाला तीन वर्षं झाली होती. नवरा लष्करात. आमच्याकडे त्याचं नवल नाही. इथे अपशिंग्यासारख्या गावाच्या नावालाच ‘मिलिटरी’ जोडलेलं आहे. पोस्टिंग राजस्थानात. रजा मिळायची ती तुकड्यातुकड्यांनी, आणि ही इकडून फोनवर तारीख मोजून द्यायची: पाळी पाचला आली, म्हणजे तुम्ही सोळाला घरी पाहिजे. तो प्रवासात दोन रात्री काढून बाराव्या दिवशी यायचा आणि सतराव्या-अठराव्या दिवशी बॅग भरायचा. दीड वर्षात असं चार वेळा झालं होतं. ती मोजत होती, तो येत होता, आणि दर वेळी तो परत गेल्यावर वीसेक दिवसांनी पाळी येत होती.

“बाई, चौदाव्या दिवसाचं तुम्हीच शिकवलेलं ना? वर्तुळ काढून? ती वही आहे अजून माझ्याकडं.”

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. उलट बाईंचं सांगणं आपण नीट पाळलं, असाच सूर होता. मी काय बोलणार? पाळीच्या तारखा कुठे लिहून ठेवल्यात का, एवढंच विचारलं. होत्या. गॅसच्या पुस्तकाच्या मागच्या पानावर, सिलिंडरच्या तारखांखाली. आम्ही दोघींनी टेबलावर वजाबाक्या केल्या. ३६, ३८, ३७, ३८.

फाइलमध्ये दोन कागद महत्त्वाचे होते. एक ‘फॉलिक्युलर स्टडी’चा, म्हणजे एक दिवसाआड सोनोग्राफी करून अंडाशयातलं फॉलिकल (अंडं ज्यात वाढतं तो बारीक फुगा) किती वाढलं ते बघायचं. दहावा, बारावा आणि चौदावा दिवस बघितला होता. सर्वांत मोठं फॉलिकल आठ मिलिमीटर. पुढे शेरा: वाढ नाही. तिथेच तपासणी थांबवलेली. दर खेपेला आठशे रुपये. दुसरा कागद एकविसाव्या दिवशी केलेल्या प्रोजेस्टेरॉनच्या रक्ततपासणीचा; अंडं बाहेर पडल्यावर वाढणारं हे संप्रेरक, म्हणजे हार्मोन. आकडा ०.४. अर्थ सांगितला गेला: अंडं फुटतच नाही. शिवाय ‘अंडाशयात बरीच लहान फॉलिकल दिसतात’ असं एक वाक्य होतं. घरी जाईपर्यंत त्याचं ‘अंडाशयात गाठी’ झालं होतं, आणि गाठी म्हटल्यावर सासूबाईंचा मांढरदेवीला नवसही बोलून झाला होता.

त्या दोन्ही कागदांत खोटं काहीच नव्हतं. आकडे खरे होते, फक्त बघायचा दिवस चुकला होता. का चुकला हे कळण्यासाठी अंडाशयात काय चालतं ते थोडं सांगावं लागेल. हे मी वर्गात सांगायला हवं होतं. तिथे नाही सांगितलं, तर निदान इथे.

मुलगी जन्माला येते तेव्हा तिच्या दोन्ही अंडाशयांत मिळून दहा ते वीस लाख फॉलिकल असतात. फॉलिकल म्हणजे एक अंडपेशी आणि तिच्याभोवती पेशींचं आवरण; पुस्तकातला शब्द अंडपुटिका. वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात. आयुष्यभरात फुटतात जेमतेम चारशे ते पाचशे. बाकीच्या वाटेतच विरतात. आपल्या लेखात म्हटलं आहे की पाळी आली की नवीन अंडं तयार व्हायला लागतं आणि त्या पाच दिवसांत बीट-खजूर खाल्ले तर त्याची प्रत सुधारते. बीट-खजूर जरूर खावेत. पण झोपलेली पुटिका जागी झाल्यापासून फुटेपर्यंत कित्येक महिने जातात, आणि त्यातला शेवटचा वेगवान टप्पाच सुमारे पंच्याऐंशी दिवसांचा असतो. या महिन्यात बाहेर पडणारं अंडं मागच्या दोन-तीन पाळ्यांपासून वाटेवर आहे. पाच दिवसांच्या खजुराने त्याचं काय होणार?

पाळीच्या सुमारास घडतं ते वेगळंच. आधीच्या चक्रातली संप्रेरकं ओसरलेली असतात, त्यामुळे मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीवरचा दाब सुटतो आणि ती एफएसएच जास्त सोडू लागते. आमची मुलं ‘पुटिका ग्रंथी संप्रेरक’ असं एका दमात म्हणायची, अर्थ मात्र कुणी विचारायचं नाही. त्या वेळी अंडाशयात दोन ते पाच मिलिमीटरच्या काही पुटिका तयारीत असतात. एफएसएच मिळताच त्या वाढायला लागतात. पुटिकेच्या बाहेरच्या थरातल्या पेशी एलएच या दुसऱ्या संप्रेरकाच्या हुकमावरून पुरुषी म्हणून ओळखलं जाणारं संप्रेरक बनवतात, आणि आतल्या थरातल्या पेशी एफएसएचच्या हुकमावरून त्याचं इस्ट्रोजेन करतात. बाईपणाचं म्हणून जे संप्रेरक आपण मिरवतो त्याचा कच्चा माल पुरुषी असतो, हे मला निवृत्तीनंतर वाचताना समजलं. वर्गात माहीत असतं तर मुली हसल्या असत्या आणि विसरल्या नसत्या.

पुटिका वाढल्या की इस्ट्रोजेन वाढतं, सोबत इनहिबिन नावाचं संप्रेरकही. ही दोन्ही वर जाऊन पियुषिकेला सांगतात, पुरे. एफएसएच कमी होतं. पाटाचं पाणी कमी झालं की ज्याची मुळं खोल गेलीत तेच रोप तगतं. इथेही ज्या पुटिकेने एफएसएच पकडणाऱ्या जागा जास्त तयार केल्यात आणि जिला रक्तपुरवठा चांगला आहे ती कमी पाण्यावर वाढत राहते, बाकीच्या सुकतात. साधारण दहा मिलिमीटरपर्यंत निकाल लागलेला असतो. मग ती विजेती रोज दीड-दोन मिलिमीटर वाढते. तिच्यातलं इस्ट्रोजेन एका पातळीच्या वर जाऊन दोनेक दिवस टिकलं की पियुषिका उलटा अर्थ घेते. आतापर्यंत जे संप्रेरक ‘पुरे’ म्हणत होतं तेच आता ‘सोड’ म्हणतं. एलएचचा लोंढा सुटतो, आणि तो सुरू झाल्यापासून चौतीस ते छत्तीस तासांनी पुटिका फुटून अंडं बाहेर पडतं. तेव्हा ती वीस मिलिमीटरच्या आसपास असते.

आता रिकाम्या झालेल्या पुटिकेचा पीतपिंड होतो आणि तो प्रोजेस्टेरॉन बनवतो. याचं आयुष्य ठरलेलं असतं, सुमारे दोन आठवडे. गर्भ राहिला तर गर्भाकडून एचसीजी नावाचं संप्रेरक येतं आणि पीतपिंड जगतो. नाहीतर तो वाळतो, प्रोजेस्टेरॉन पडतं, गर्भाशयाचं अस्तर सुटतं, पाळी येते.

म्हणजे पाळीचा उत्तरार्ध त्यातल्या त्यात बांधलेला, आणि पूर्वार्ध मोकळा. स्पर्धा किती दिवस चालावी याला नियम नाही. कुणाची आठव्या दिवशी संपते, कुणाची विसाव्या. आजारपण, वजन, परीक्षेचा ताण, रात्रपाळी, काहीही ती लांबवू शकतं. पाळी ‘उशिरा येते’ तेव्हा बहुतेक वेळा खरं तर अंडं उशिरा बाहेर पडलेलं असतं. छत्तीस-अडतीस दिवसांची पाळी असणाऱ्या बाईच्या चौदाव्या दिवशी आठ मिलिमीटरची पुटिका दिसते, कारण तिथे अजून निकालच लागायचा असतो. परीक्षा सुरू असताना गुणपत्रिका मागायची आणि नापास शेरा मारायचा, तसलं ते. एकविसाव्या दिवशी प्रोजेस्टेरॉन ०.४ येतं, कारण पीतपिंड अजून जन्मायचा आहे. ती तपासणी पुढच्या पाळीच्या साधारण सात दिवस आधी करायची असते. अठ्ठावीसच्या बाईला तो दिवस एकविसावा पडतो म्हणून तिचं नाव तसं रूढ झालं. आमच्या मुलीला तो तिसावा पडत होता. आणि त्या ‘गाठी’ म्हणजे थांबलेल्या किंवा वाट बघणाऱ्या लहान पुटिका. त्या कापायच्या नसतात, त्या कॅन्सरच्या नसतात.

चौदा हा आकडा आला कुठून, हेही शोधलं. १९२४ मध्ये जपानमधल्या निगाता शहरातले स्त्रीरोगतज्ज्ञ क्यूसाकू ओगिनो यांनी निष्कर्ष छापला. पोटाच्या शस्त्रक्रियांच्या वेळी त्यांनी अंडाशय प्रत्यक्ष पाहिले आणि त्या बायकांच्या पाळीच्या तारखांशी ताडले. त्यांचं म्हणणं होतं: अंडं पुढच्या पाळीच्या बारा ते सोळा दिवस आधी बाहेर पडतं. चार वर्षांनी, १९२८ मध्ये, ऑस्ट्रियातले हेर्मान क्नाउस वेगळ्या वाटेने जवळपास तिथेच आले. दोघांनीही मागून मोजलं होतं, पुढच्या पाळीपासून. अठ्ठावीसच्या पाळीत पुढून मोजा की मागून, चौदाच येतात. आम्ही मास्तर लोकांनी तेवढंच एक उदाहरण घेतलं आणि मोजायची बाजू बदलून टाकली. माझ्या वर्तुळात तर सगळाच घोळ: वर्तुळाला पुढचं टोक नाही आणि मागचंही नाही.

२०१९ मध्ये सहा लाखांहून जास्त चक्रांच्या नोंदी तपासलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. चक्राची सरासरी लांबी २९.३ दिवस; त्यात अंडं बाहेर पडेपर्यंतचा भाग सरासरी १६.९ आणि नंतरचा १२.४ दिवसांचा. नंतरचा भागही दगडावरची रेघ नाही, कमीजास्त होतो, पण पहिल्याइतका नाही. सरासरीतसुद्धा चौदावा दिवस कुठे दिसत नाही.

त्या मुलीला मी कुठलंही औषध सांगितलं नाही. मी शिक्षिका, डॉक्टर नाही. एवढंच केलं की साताऱ्यातल्या एका डॉक्टरीणबाईंकडे तिच्यासोबत गेले आणि गॅसच्या पुस्तकाचं पान त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी ते दोन मिनिटं वाचलं. फाइल नंतर उघडली. म्हणाल्या, “सोळाव्या दिवशी या.”

सोनोग्राफीच्या खोलीबाहेर ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ असा फलक, त्याखाली बाकावर आम्ही दोघी. सोळाव्या दिवशी पुटिका दहा मिलिमीटर. अठराव्या दिवशी तेरा. विसाव्याला सोळा, बाविसाव्याला वीस. चोविसाव्याला ती जागा रिकामी आणि शेजारी थोडं पाणी. तिसाव्या दिवशीचं प्रोजेस्टेरॉन बारा. औषध शून्य. थायरॉइड वगैरे बाकीच्या तपासण्याही झाल्या, ठीक निघाल्या. नवरा मात्र तेव्हा राजस्थानात होता! मुलगी हसत होती आणि डोळे पुसत होती.

इथे एक आडवळण. सगळे म्हणतात, “अंडं वीस एमएमचं झालं.” अंडं एवढं कधीच होत नाही. अंडपेशी मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी असते, सोनोग्राफीत ती दिसत नाही. दिसते ती पाण्याने भरलेली पुटिका. या चुकीला मोठी परंपरा आहे. १६७२ मध्ये हॉलंडच्या रेनिये द ग्राफ यांनी पुटिकांचं वर्णन केलं तेव्हा त्यांनीही त्या फुग्यांनाच अंडी मानलं होतं. आतलं खरं अंडं दिसायला १८२७ उजाडलं. कार्ल फॉन बेअर यांना ते कुत्रीच्या अंडाशयात सापडलं. तेव्हा बाकावर बसलेल्या बायकांना हसायचं कारण नाही.

दुसरं आडवळण माझ्या वयाचं. बाकावर शेजारी बसलेल्या एकीला ‘अंडं वाढायची इंजेक्शनं’ चालू होती. त्या जातीचं जुनं औषध, एचएमजी, पाळी गेलेल्या बायकांच्या लघवीतून काढत. पुटिका संपल्या की ‘पुरे’ म्हणणारं कुणी उरत नाही, पियुषिका ओरडतच राहते, आणि म्हाताऱ्या बाईच्या रक्तात एफएसएच भरमसाट असतं. इटलीत त्यासाठी मठांमधल्या वृद्ध नन्सकडून लघवी गोळा केली जात असे. त्या औषधाने पहिलं मूल १९६२ मध्ये जन्मलं. पासष्टीनंतर आपल्या अंगात असं काही वाया जातंय हे कळून मला उगीच बरं वाटलं.

पुढची रजा अठराव्या दिवसापासून पंचविसाव्या दिवसापर्यंत मागितली. अंडं बाहेर पडल्यावर जेमतेम दिवसभर टिकतं, शुक्राणू मात्र पाच दिवसांपर्यंत तग धरतात, म्हणून आधीचे पाच दिवस आणि तो दिवस असे सहा दिवस उपयोगाचे. त्या वेळी जमलं नाही. त्याच्या पुढच्या रजेला जमलं.

आणि चौदावा दिवस पुन्हा आडवा आला. पाळी चुकल्यावर, पहिल्या दिवसापासून मोजून पन्नासाव्या दिवशी, माहेरी गेलेली असताना तिने दुसऱ्याच ठिकाणी सोनोग्राफी केली. हिशेबाने सात आठवडे झाले होते. पिशवी दिसली, लहान, ठोके नाहीत. तिला सांगण्यात आलं, गर्भाची वाढ थांबली आहे, गोळ्या घेऊन मोकळं व्हा. गरोदरपणाचे आठवडे शेवटच्या पाळीपासून मोजतात आणि त्या मोजणीत अंडं चौदाव्या दिवशीच बाहेर पडलं असं गृहीत असतं. हिचं तेविसाव्या दिवशी पडलं होतं. नऊ दिवसांचा फरक. तो वजा केला तर गर्भ सात आठवड्यांचा नव्हताच, सहालाही एक-दोन दिवस कमी होते, आणि त्या वयाला ठोके न दिसणं यात काही विशेष नाही. तिने रात्री फोन केला. मी डॉक्टरीणबाईंना उठवलं. त्या म्हणाल्या, पोटात दुखत नाही, अंगावर जात नाही, तर दहा दिवस थांबायचं आणि पुन्हा बघायचं. दहा दिवस त्या घरात कुणी मोठ्याने बोललं नसेल. अकराव्या दिवशी सकाळी साडेदहाला मला मोबाइलवर एक छोटी चित्रफीत आली. करडी, थरथरती. मधोमध एक ठिपका लुकलुकत होता.

मुलगी झाली. आता बालवाडीत जाते.

प्रत्येकीची गोष्ट अशी संपत नाही, हे मला कळतं. कधी वाढ खरोखर थांबलेली असते. कधी पुटिका महिनोन्‌महिने लहानच राहतात आणि औषधांची गरज असते. प्रौढ वयात चोवीस ते अडतीस दिवसांची पाळी सर्वसाधारण धरतात. आमची विद्यार्थिनी काठावरच होती. त्याच्या पलीकडे असेल, किंवा दर महिन्याला वेगळंच असेल, तर डॉक्टरांकडे गेलंच पाहिजे. माझा मुद्दा तारखेचा आहे. कुठल्या दिवशी बघायचं हेच चुकलं तर चांगल्या यंत्रातूनही चुकीचंच उत्तर येतं.

चौकटीतल्या ‘सुरक्षित दिवसां’बद्दल तर जास्तच काळजी वाटते. अमेरिकेतल्या २२१ स्त्रियांच्या रोजच्या नमुन्यांवरून अंडं कधी बाहेर पडलं हे शोधणारा एक अभ्यास २००० मध्ये छापला गेला. ज्यांचे गर्भधारणेचे सगळे दिवस १० ते १७ च्या आत बसले अशा स्त्रिया होत्या सुमारे तीस टक्के. म्हणजे तुमच्या चौकटीवर विसंबून राहणाऱ्या दहांपैकी सातजणींचा एखादा तरी धोक्याचा दिवस तुमच्या ‘सुरक्षित’ रकान्यात पडतो. खुद्द ओगिनो यांना आपली मोजणी गर्भनिरोधासाठी वापरलेली पसंत नव्हती. तरी जगभर ती त्यासाठीच वापरली गेली, आणि आपल्याकडे तर सरकारनेच वापरून पाहिली. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला राजकुमारी अमृत कौर आरोग्यमंत्री असताना दिल्लीतली लोदी कॉलनी आणि म्हैसूरकडचं रामनगरम इथे तसे प्रयोग झाले. बायकांना दिवस मोजायला रंगीत मण्यांच्या माळा दिल्या होत्या. यश आलं नाही. त्याच्या तीस वर्षं आधी, १९२१ मध्ये, र. धों. कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं होतं आणि साधनं वापरा म्हणून घसा कोरडा करत होते. त्यांचं ‘समाजस्वास्थ्य’ १९२७ पासून निघत होतं. ते सोडून आपण मणी ओढत बसलो. आता मण्यांच्या जागी मोबाइलमधलं ॲप आलंय, बस. माझ्या भाचीच्या ॲपमध्ये पहिल्याच महिन्यात चौदाव्या दिवशी गुलाबी फूल उमललं. तिची पाळी किती दिवसांची हे त्याला अजून माहीतही नव्हतं.

शिवाय आपल्या घरांतली एक गोष्ट कुठल्याच चौकटीत नसते. गौरी-गणपती, लग्नकार्य, सत्यनारायण आला की पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या जातात, पुष्कळदा दुकानातून थेट. त्या प्रोजेस्टेरॉनसारखं काम करून अस्तर धरून ठेवतात; गोळ्या थांबल्या की दोन-तीन दिवसांत पाळी येते. त्या महिन्यात मागून चौदा मोजलेत तरी उत्तर चुकणार, कारण उत्तरार्ध आपणच ताणलेला असतो. हे मी ओगिनोंच्या बाजूने प्रामाणिकपणे सांगते.

तेव्हा विनंती अशी. खुलासा छापाल तर आतल्या पानावर तीन ओळींचं शुद्धिपत्र नको. त्याच पानावर, त्याच निळ्या चौकटीत, तेवढ्याच मोठ्या अक्षरात छापा, म्हणजे कपाटाच्या दारावरचा जुना कागद काढून तिथे नवा लावता येईल. मजकूर आपल्या तज्ज्ञांनी ठरवावा. माझी सूचना एवढीच की त्यात तीन गोष्टी याव्यात. अंडं पुढच्या पाळीच्या साधारण दोन आठवडे आधी बाहेर पडतं, म्हणून आपली पाळी किती दिवसांची हे निदान सहा महिने लिहून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. मूल नको असेल तर दिवस मोजू नका, साधन वापरा. आणि ‘गाठी’ हा शब्द रिपोर्टात खरोखर लिहिलाय का ते विचारा.

माझे जुने विद्यार्थी आता पंचविशी-पन्नाशीत आहेत. त्यांच्यापैकी कुणी हे वाचत असेल, तर वहीतलं बांगडीचं वर्तुळ खोडून टाकावं. दोन गुण मिळाले ते परत मागणार नाही.

पत्र छापल्यास माझं नाव आणि शाळेचं नाव कृपया छापू नये. गाव लहान आहे, मी कोण हे कळलं की ती कोण हे संध्याकाळपर्यंत कळेल. तिची परवानगी घेऊनच मी हे लिहिलं आहे. तिने एकच अट घातली, गॅसच्या पुस्तकाचं नक्की सांगा.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका,
जि. सातारा